पेनीमास्तरांचं मागचं हाड

१

गुरुवारी सकाळी आठ वाजता लिटियानं पेनीमास्तरांची पेटी उघडली, आणि तिच्या लक्षात आलं की मास्तरांच्या डोक्याचा मागचा भाग मास्तरांचा नाहीच.

पेटी वेसीच्या लाकडाची. आत मऊ कापडाचे बावीस खण आणि प्रत्येक खणात कवटीचं एकेक सुटं हाड. सुवा शहरातल्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवता शिकवता पेनीमास्तर म्हातारे झाले, एकाहत्तराव्या वर्षी गेले, आणि जाताना लिहून गेले की मला पुरू नका, पोरांना शिकायला द्या. आपल्या बेटांवर असं कोणी करत नाही. त्यांचे नातेवाईक अजून कुरकुरतात. पण मास्तर हट्टी. त्यामुळे मेल्यावरही सात वर्षं ते रोज आठ ते चार कामावर होते, आणि त्यांची हाडं सांभाळायचं काम लिटियाकडे होतं.

लिटिया रेवा नदीकाठची. वय बावन्न, उंची जेमतेम पाच फूट, आणि तोंड त्याहून मोठं. अठ्ठावीस वर्षं ती हाडांची खोली सांभाळत होती. हिला परीक्षेला बसू दिलं असतं तर अर्ध्या डॉक्टरांची पंचाईत झाली असती, असं स्वतः मास्तर म्हणायचे.

“तुलोउ,” ती सवयीनं पुटपुटली आणि मगच हाडाला हात लावला. कुणाच्या डोक्याला हात लावायचा किंवा डोक्यावरून हात न्यायचा तर आधी माफी मागायची. डोक्याची हाडं सुटी झाली म्हणून रीत थोडीच सुटते.

हाड वरकरणी ठीकच होतं. पसरट, खोलगट, शिंपल्यासारखं. खाली मज्जारज्जू जातो ते मोठं भोक, भोकाच्या दोन बाजूंना दोन गुळगुळीत उंचवटे. माणूस मानेनं ‘हो’ म्हणतो तो याच दोन उंचवट्यांवर. भोकाच्या पुढे जिभेसारखा एक जाड तुकडा निघतो. त्याच्या टोकावरून तिनं बोट फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं. टोक खडबडीत होतं, मोडलेल्या बिस्किटासारखं.

विशीच्या आसपासपर्यंत हे टोक पुढच्या हाडापासून वेगळं असतं, मध्ये कूर्चा असते. मग दोन्ही हाडं अशी एकजीव होतात की त्यांना वेगळं करायला करवतच लागते. मास्तरांचं टोक करवतीनं कापलेलं, सपाट होतं. कापताना बाजूला उभी राहून लिटिया रडली होती, त्यामुळे ती ते विसरणं शक्यच नव्हतं. हातातलं हाड कुणातरी सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं होतं.

आणि उद्या शुक्रवार. उद्या अकरा वाजता मास्तरांची बायको, तोरिकाकाकी, कंदावू बेटावरून बोटीनं येणार. दर वर्षी याच दिवशी येते. बाकीच्या एकवीस हाडांकडे नुसतं बघते, मागचं हाड मात्र तळहातावर घेऊन दहा मिनिटं गप्प बसते. चाळीस वर्षं नवऱ्याचे केस तिनंच कापले होते. ते डोकं मागून हाताला कसं लागतं, हे जगात तिच्या एकटीच्या तळहाताला माहीत होतं.

लिटियानं हाड जपून खणात ठेवलं. जरा टेकावं म्हणून तिनं खुर्चीवरचं जेवणाचं भांडं टेबलावर ठेवलं, तर ते डुगडुगायला लागलं. गोल बुडाचं भांडं. खाली ठेवायची केवड्याच्या पानांची चुंबळ मंगळवारपासून सापडत नव्हती.

“वा,” ती भांड्याला म्हणाली, “हाडही गेलं आणि चुंबळही गेली. आता मीच तेवढी जायची राहिले.”

२

“म्हातारीला हल्ली दिसत नाही म्हणे फारसं,” विभागप्रमुख उनाईसीमॅडम म्हणाल्या.

“डोळे गेलेत, मॅडम. हात गेलेले नाहीत.”

उनाईसीमॅडमनी दार लावून घेतलं. त्या मास्तरांच्याच विद्यार्थिनी, पण आता खुर्चीवर बसल्या होत्या आणि खुर्चीचे म्हणून काही ताप असतात. त्यांनी कपाटातून दानपत्र काढलं आणि एका ओळीवर नख ठेवलं. एक जरी हाड गहाळ झालं, तरी कुटुंबाला सगळी पेटी परत.

“काकींचे दीर टपूनच बसलेत याच्यावर. पेटी गेली की विषय संपला. प्लास्टिकच्या कवट्या आल्याच आहेत, वरचे लोक म्हणतील हाडांची खोली कशाला हवी. मग कुलूप. आणि तुझी बदली स्टेशनरीत.”

“तिथे मी काय करू? खडूंना नावं ठेवू?”

“लिटिया, मी चेष्टा करत नाहीये.”

“मीही नाही, मॅडम.” लिटियाचा आवाज एकदम खाली आला. खडूंचं तिला काही नव्हतं. पण मास्तरांनी शेवटच्या आजारात तिचा हात धरून सांगितलं होतं, माझी हाडं तुझ्यावर सोपवतोय, दुसऱ्या कुणावर नाही. ते आठवून तिला रडूच यायला लागलं होतं.

“सोमवारी पेटी पुरी होती?”

“मी स्वतः पुसून ठेवली. मंगळवारी दुपारी मी दात काढायला गेले, खोली उघडी होती, पेटीची किल्ली नेहमीच्या खिळ्याला. बुधवारी पेटी परीक्षेच्या हॉलमध्ये, सराव परीक्षेला.”

“म्हणजे मंगळवारची दुपार. तेव्हा खोलीत तिघं होते. आपले नवे लेक्चरर प्रणील गाऊंडर. त्यांचं टेबलच तिथे आहे. तो प्लास्टिकवाला डेरेक. आणि विलियामे, अभ्यास करत होता.”

“विलियामे आणि अभ्यास,” लिटिया म्हणाली. “इथेच पहिला संशय येतो.”

“उद्या अकरापर्यंत वेळ आहे. पोलीस आले की बोभाटा झालाच. तूच बघ.”

दोघींनी मिळून आधी खोली पालथी घातली. खण, खोकी, टेबलांखाली, बाकांखाली, कचऱ्याची टोपली, अगदी फरशी पुसायची बादलीसुद्धा. हरवलेली वस्तू खालीच कुठेतरी पडलेली असते अशी आपली समजूत. दुपारपर्यंत दोघींच्या कमरा धरल्या आणि सापडलं काय, तर एक गुडघ्याची वाटी आणि उनाईसीमॅडमचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा.

३

डेरेक कँटीनमध्ये बसून बटाट्याची रोटी खात होता. ब्रिस्बेनहून आलेला माणूस, चेहरा उन्हानं भाजलेला, शर्टावर छापील माडांची झाडं. शेजारच्या खुर्चीवर त्यानं नमुन्याची प्लास्टिकची कवटी ठेवली होती.

“ती खुर्चीवरून उचला आधी,” लिटिया म्हणाली.

“का? कोणी बसणार आहे?”

“डोकं आहे ते. लोक जिथे ढुंगण टेकतात तिथे डोकं ठेवतात का?”

“मॅडम, प्लास्टिक आहे.”

“दिसतंय. टेबलावर ठेवा.”

डेरेकनं मुकाट्यानं कवटी टेबलावर घेतली. माणूस वाईट नव्हता, पण विक्रीचा रोग जडलेला. “धुता येते, पडली तरी फुटत नाही, वास नाही,” तो सुरू झाला.

“आमच्या मास्तरांनाही वास नाही. मंगळवारी तुम्ही त्यांची पेटी मागितली होतीत.”

“स्कॅन करायला. मागच्या हाडावरची ती गाठ मला फार आवडली. एवढा ठसठशीत नमुना मी कुठे पाहिला नव्हता. गाऊंडरनी नाही म्हणून सांगितलं, मी सोडून दिलं.”

“सोडून दिलंत, की घेऊन गेलात?”

डेरेक तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याची ट्यूब पेटली. “हरवलं की काय? मॅडम, मला ते हाड मिळालं असतं तर मी ते सगळ्या ऑस्ट्रेलियाला दाखवत सुटलो असतो. लपवून मला काय फायदा?”

हे खरं होतं. लिटियाला ते आवडलं नाही, पण खरं होतं. “नंतर काय केलंत?”

“कॉरिडॉरमध्ये सामान आवरत होतो. साडेचार वाजले असतील. गाऊंडर घरी गेले होते. तुमच्या लोकांनी माझं प्रात्यक्षिक मात्र फार छान ऐकून घेतलं. नंतर टाळ्यासुद्धा वाजवल्या.”

“कोणी?”

“दिसलं नाही. दार लोटलेलं होतं. आतून तीन टाळ्या आल्या. सावकाश, पोकळ आवाजाच्या. मला वाटलं, माझ्यासाठीच. मी बाहेरून धन्यवाद म्हणालो, तर आत एकदम चिडीचूप.”

लिटियानं ते ऐकलं, आणि हा माणूस स्वतःवर किती खूश आहे, एवढाच विचार तिच्या मनात आला. पुढे या गोष्टीची तिला फार लाज वाटली.

४

विलियामे मैदानाच्या कडेला बूट काढत होता. सहा फूट चार इंच उंच, कॉलेजच्या रग्बी संघाचा खांब, आणि डोकं-मान या विषयात दोनदा नापास. यंदा तिसरी खेप. लिटिया दिसताच तो उठला आणि तिच्यासमोर येईपर्यंत वाकून अर्धा झाला.

“बस खाली. माझी मान दुखते तुझ्याकडे बघून.”

तो गवतावर बसला. “काय झालं मावशी?”

“मंगळवारी साडेचारला हाडांच्या खोलीत काय करत होतास?”

“अभ्यास.”

“शपथ घे.”

विलियामेनं शपथ घेतली नाही. बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बसला.

“मास्तरांची पेटी उघडलीस?”

“उघडली. पण सगळी हाडं होती, मावशी. मी नीट बघितली. बावीसच्या बावीस खण भरलेले होते.”

“मागचं हाड होतं?”

“होतं की. ते भोकवालं ना?”

“भोकवालं,” लिटिया म्हणाली. “मास्तरांनी हे ऐकलं असतं तर पुन्हा मेले असते.”

पोरगा लाजून हसला, पण हसू लगेच विरलं. तो घाबरलेला होता. कशाला तरी नक्की घाबरलेला होता. आणि लिटियाला आता एक नकोशी गोष्ट आठवली: विलियामे कंदावूचा, मास्तरांच्याच गावचा. पेटी परत मागणारे मास्तरांचे भाऊ म्हणजे त्याचे चुलत आजोबा.

“तुझ्या आजोबांनी तुला काही आणायला सांगितलं होतं?”

“नाही,” तो म्हणाला. “म्हणजे सांगितलं होतं. पण मी नाही म्हणालो. मास्तरांचं डोकं मी पिशवीत घालून नेईन? मावशी, तुम्ही मला ओळखता ना?”

त्याचे डोळे भरून आले होते. लिटिया त्याला पहिल्या वर्षापासून ओळखत होती, आणि तिला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता. म्हणूनच ती तिथून जास्त चिंतेत परतली. तो चोर नसेल, पण काहीतरी लपवत होता.

५

खोलीत परत आल्यावर तिनं ते परकं हाड पुन्हा हातात घेतलं आणि ते जिथून आलं असेल तो ट्रे बाहेर ओढला. सुटी मागची हाडं त्यात ठेवलेली असत. डावीकडे तरुणांची पाच, त्यातलं एक आता तिच्या हातात, आणि उजवीकडे म्हाताऱ्यांची नऊ. म्हाताऱ्यांच्या नऊही टोकांवर करवतीची सपाट खूण.

तिनं ट्रेकडे बराच वेळ बघितलं. मग ती आपल्याशीच हसली, उठली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली. तिथे डॉक्टर प्रणील गाऊंडर मान खाली घालून पेपर तपासत होते. तीस वर्षांचा, लौतोकाकडचा मुलगा, नोकरी अजून पक्की झालेली नाही.

“डॉक्टर, एक कोडं सोडवा. मी चोर आहे. मास्तरांचं मागचं हाड मी पळवलंय आणि कुणाला कळू नये म्हणून त्या जागी दुसरं ठेवतेय. ट्रेमध्ये नऊ हाडं अशी आहेत की ठेवली तर सहसा कुणालाही कळणार नाही. पाच अशी आहेत की जाणकाराला बोट लावताच कळेल. मी कुठलं ठेवीन?”

प्रणीलचं पेन थांबलं.

“नऊमधलं,” तो हळूच म्हणाला.

“पण ठेवलंय पाचातलं. म्हणजे ठेवणाऱ्याला ते लपवायचं नव्हतं. ते कुणीतरी ओळखावं, अशी त्याची इच्छा होती. परीक्षेत एक चुकीचं हाड घालायचं आणि पोरांना म्हणायचं, काय बिनसलंय सांगा. ही पेनीमास्तरांची खोड. तुम्ही त्यांचे शेवटचे विद्यार्थी.”

प्रणीलनं चष्मा काढला. चेहरा पांढराफटक. “लिटियाताई, मी तुम्हाला सांगणार होतो.”

“कधी? मी खडूंकडे गेल्यावर?”

“मंगळवारी दुपारी बदललं. बुधवारच्या सराव परीक्षेत एकाही पोराला ओळखता आलं नाही. मग मी खरं हाड परत ठेवायला खण उघडला आणि…” त्यानं टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. आत दोन जुन्या प्रश्नपत्रिका होत्या आणि रबरी चपलांचा जोड. “इथे ठेवलं होतं. नव्हतं. काल रात्रभर मला झोप नाही. सांगितलं तर नोकरी जाईल, नाही सांगितलं तर काकी येतायत.”

लिटियानं खणाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग परत खणाकडे.

“मास्तरांचं डोकं,” ती एकेक शब्द तोलत म्हणाली, “तुम्ही चपलांबरोबर ठेवलंत?”

“रुमालात गुंडाळलं होतं,” प्रणील म्हणाला. आणि लिटियाच्या मनात पहिल्यांदाच आलं की हाड खणातून काढणारा माणूस चोर नसेलही. पण मग तो होता कोण, आणि त्यानं ते ठेवलं कुठे?

६

शुक्रवारी तोरिकाकाकी अकराऐवजी साडेदहालाच आल्या. बोट वेळेवर आली, अशी गोष्ट वर्षातून एकदा घडते ती नेमकी त्या दिवशी. ठेंगणीठुसकी म्हातारी, हातात काठी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा डोलारा, आणि मागे बोटीवरून त्यांचं सामान वाहून आणलेला विलियामे. डेरेक निरोप घ्यायला आला होता तो दारातच अडकला. प्रणील भिंतीला चिकटून उभा होता.

लिटियानं ठरवलं होतं, आल्या आल्या पाया पडायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पण तिनं तोंड उघडण्याआधीच उनाईसीमॅडमनी पेटी पुढे सरकवली. माणूस बुडायला लागला की काहीही धरतो, तसंच ते झालं.

काकी बसल्या. तुलोउ म्हणाल्या, मागचं हाड उचललं आणि तळहातावर उपडं घेतलं.

“हा कोण पोरगा?” काकींनी विचारलं.

प्रणील भिंतीला आणखी चिकटला.

“हा पेनी नाही. पेनीला इथे मधोमध गाठ होती, एवढी. चाळीस वर्षं माझा कंगवा तिथेच अडायचा आणि तो ओरडायचा. याला गाठ नाही. याचे तर अजून केसही नीट आले नसतील. लिटिया, पोरी, माझा नवरा कुठे आहे?”

“हरवला, काकी,” लिटिया म्हणाली, आणि रडायला लागली. “माझ्या हातून हरवला. पळवला नाही कुणी, एवढं मला कळलंय, पण सापडत नाही.”

काकींनी त्या पोराचं हाड जपून खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “रडून सापडणार आहे का? आधी जेव काहीतरी. मी अळू आणलंय नारळाच्या दुधातलं.” आणि त्यांनी पिशवीतून गोल बुडाचं भांडं काढून टेबलावर ठेवलं. भांडं डुगडुगलं आणि अळू सांडता सांडता राहिलं.

“चुंबळ कुठे आहे गं तुझी?”

“मंगळवारपासून सापडत नाही, काकी,” लिटिया डोळे पुसत म्हणाली. आणि पुसता पुसता तिचा हात डोळ्यांवरच राहिला.

मंगळवारपासून.

“गोल बुडाची वस्तू,” ती म्हणाली. “खाली चुंबळ नसली तर लवंडते. मिस्टर डेरेक, त्या टाळ्या. कशा होत्या म्हणालात?”

“तीन. सावकाश. पोकळ.”

लिटियानं तळहात वाटीसारखे करून तीनदा वाजवले. ठोप, ठोप, ठोप.

“अगदी अशाच,” डेरेक म्हणाला.

“या टाळ्या शाबासकीच्या नसतात. कुणाच्या डोक्यावरून हात नेऊन काही घ्यावं-ठेवावं लागलं, तर आधी तुलोउ म्हणतात आणि नंतर अशा वाजवतात. पण मंगळवारी साडेचारला खोलीत एकच माणूस होता. मग त्यानं हात नेला कुणाच्या डोक्यावरून?”

आता सगळेच बघायला लागले होते. कपाटाच्या वर, दारासमोरच्या भिंतीवर पेनीमास्तरांचा मोठा फोटो होता. आणि फोटोच्या वर, छताखाली, एक अरुंद फळी. तिथे कोणी हात लावत नसे. मास्तरांच्या डोक्यावरून हात नेऊन धूळ कोण झटकणार? काल दुपारपर्यंत लिटियानं आणि मॅडमनी खोलीचा इंच न् इंच शोधला होता, पण तिथे बघायचं दोघींच्याही मनात आलं नव्हतं. आपल्याकडच्या कुणाच्याही आलं नसतं.

“या माणसानं खालचा खण उघडला,” लिटिया म्हणाली. “चपलांशेजारी एक डोकं दिसलं. कुणाचं ते त्याला माहीत नव्हतं, कारण मास्तरांची पेटी त्यानं बघितली तर ती पुरी भरलेली. बावीसच्या बावीस. टोक कापलेलं आहे की नाही हे बघण्याइतकं त्याला येत असतं तर तो दोनदा नापास झाला नसता. पण डोकं चपलांत राहू देणं त्याच्या आईबापांनी त्याला शिकवलेलं नाही. म्हणून त्यानं माझी चुंबळ घेतली, आणि खोलीतली सगळ्यात उंच जागा शोधली. तिथे खुर्चीशिवाय ज्याचा हात पोचतो असा एकच जण इथे आहे.”

विलियामे गुडघ्यांवर बसला होता. एवढा मोठा देह, पण मान छातीला टेकलेली.

“मी सांगितलं का नाही, तर मावशी… मी त्या खणात प्रश्नपत्रिका बघायला गेलो होतो.”

“सापडली?” प्रणीलनं विचारलं.

“सापडली, सर. पण मागच्या वर्षीची होती.”

पहिल्यांदा काकी हसल्या. मग उनाईसीमॅडम. मग सगळी खोलीच हसायला लागली, दोन दिवसांचं साठलेलं.

“ऊठ,” लिटिया म्हणाली. “काढ त्यांना खाली.”

विलियामे उठला. “तुलोउ,” तो फोटोला म्हणाला आणि हात वर नेला. फळीवरून त्यानं आधी रुमालाची एक घडी, मग चुंबळीसकट ते हाड खाली आणलं, काकींच्या ओंजळीत ठेवलं, आणि खाली बसून तीनदा वाजवलं.

“म्हणजे माझ्यासाठी नव्हत्या,” डेरेक पुटपुटला.

काकींचा तळहात हाडावरून फिरला आणि मधोमध थांबला. त्यांनी डोळे मिटले. “आलास का,” त्या म्हणाल्या. “इथेही वर जाऊन बसलास.”

मग त्यांनी विलियामेला जवळ बोलावलं, त्याचा भला मोठा पंजा धरला आणि हाडावर ठेवला. “हे काय?”

“बाहेरची गाठ, आजी. मानेचा बळकट अस्थिबंध इथे चिकटतो. बाजूच्या या रेषांवर मानेचे स्नायू.” त्यानं हाड उलटं केलं. “आत हा क्रूस. चार खळगे, वरच्या दोनांत मोठ्या मेंदूचा मागचा भाग, खालच्या दोनांत छोटा मेंदू. ही रक्ताची पन्हळ, उजवीकडची जास्त खोल. हे महारंध्र. याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे, त्यांच्या पोटातून जिभेची नस. आणि हे टोक… करवतीनं कापलेलं. म्हणजे मोठ्या माणसाचं.” त्यानं टोकावरून बोट फिरवलं. “मास्तरांचं.”

“हा या वेळी पास होतोय,” प्रणील उनाईसीमॅडमना म्हणाला. “प्रश्नपत्रिका मी बदलणार आहेच.”

“आणि चपला?” लिटियानं विचारलं.

“घरी ठेवीन, ताई.”

उनाईसीमॅडमनी घसा साफ केला. “काकी, दानपत्रात लिहिलंय, हाड गहाळ झालं तर…”

“कुठे गहाळ झालं?” काकी म्हणाल्या. “वर गेलं होतं. दिरांना मी सांगेन, तुमच्या भावाला इथे जो मान आहे तो घरी कधी नव्हता. तो कागद आहे का गं अजून तुमच्याकडे, पेनीनं भरला होता तसला?”

“आहे. कुणासाठी?”

“माझ्यासाठी. मीही येईन म्हणते, वेळ आली की. पण सांभाळायला हीच हवी.” त्यांनी काठीनं लिटियाकडे दाखवलं. “दुसरं कोणी असलं तर मी येणार नाही.”

मॅडमनी लिटियाकडे बघितलं. स्टेशनरीचं नाव त्या खोलीत पुन्हा कुणी काढलं नाही. लिटियानं चुंबळ उचलली, झटकली आणि काकींच्या भांड्याखाली सरकवली. भांडं नीट बसलं.

“मास्तरांच्या शेजारीच ठेवू तुमची पेटी, काकी,” ती म्हणाली.

“शेजारी नको. चाळीस वर्षं घरात तो मानाच्या, वरच्या बाजूला बसला आणि मी खाली दारापाशी.” काकींनी मान वर केली आणि फोटोच्या दिशेनं, त्याच्याही वर, अंधुक डोळ्यांनी बघितलं. “मला त्या फळीवर ठेवा.”

लिटियानं विलियामेला मोजपट्टी आणायला पाठवलं.